एडिनबराच्या ब्रेड टेकड्यांवर

शुक्रवार

स्कॉटलंडमधल्या एडिनबराला लोक किल्ला बघायला येतात, ऑगस्टमधल्या कलामहोत्सवाला येतात. मी आलो तो गोल्फ खेळायला, आणि खेळायचं होतं ब्रेड हिल्स या टेकड्यांवरच्या, महापालिकेच्या मैदानावर. "गोल्फची पंढरी सेंट अँड्र्यूज तिथून जेमतेम दीड तासावर, आणि तू महापालिकेच्या मैदानावर खेळणार?" असं पुण्यातले खेळगडी निघेपर्यंत विचारत होते. सेंट अँड्र्यूजबद्दल मला आदर आहेच. पण आपल्याकडे गोल्फ म्हटलं की सभासदत्व, कुणाची तरी शिफारस आणि फाटकावरचा पहारेकरी आला. पुण्या-मुंबईतल्या बहुतेक हिरवळी एक तर क्लबांच्या, नाहीतर लष्कराच्या. ज्या मुलखात हा खेळ वाढला तिथे तो कुणाचा होता आणि आज कुणाचा आहे, हे मला स्वतः चालून, खेळून पाहायचं होतं. त्यासाठी एडिनबरासारखं शहर नाही.

भाची इथल्या विद्यापीठात शिकते. तिने सामान खोलीवर टाकायला लावलं, चहा दिला आणि म्हणाली, "मामा, झोपलात तर रात्री दोनला जागे व्हाल. चला, फिरून येऊ." म्हणून आम्ही रॉयल माइलच्या खालच्या अंगाला, कॅननगेटमध्ये गेलो. तिथे एका भिंतीवर लॅटिन मजकुराची एक पाटी आहे. पर्यटकांचे घोळके तिच्यासमोरून सरळ हॉलीरूड राजवाड्याकडे जातात. ही 'गोल्फर्स लँड'ची जागा. १६८१-८२ च्या सुमारास ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे पुढे राजा झालेला जेम्स, एडिनबरात राहत होता. गोल्फ मुळात कुणाचा यावरून दोन इंग्रज सरदारांशी त्याची पैज लागली, असं सांगतात. जोडीदार म्हणून ड्यूकने गावातला सर्वांत चांगला खेळाडू निवडला, तो जॉन पॅटरसन नावाचा चांभार. दोघे जिंकले आणि वाट्याला आलेल्या पैशांतून पॅटरसनने इथे घर बांधलं. घर आता नाही, पाटी आहे. कथेत मीठमसाला किती ते इतिहासकार बघतील. पण राजाचा भाऊ चांभाराला जोडीला घेऊन उघड्या माळावर खेळला ही गोष्ट या गावाने तीनशे वर्षं भिंतीवर जपून ठेवली आहे, हे मला फार मोलाचं वाटलं.

मे महिना असल्याने नऊ वाजून गेले तरी उजेड होता. जेवण करून आम्ही ब्रंट्सफील्ड लिंक्सवर गेलो. मेडोज नावाच्या विशाल बागेला लागून असलेला हा गवताचा उतार म्हणजे जुन्या 'बरो म्यूर' या गावठाणाच्या माळाचा उरलेला तुकडा. इथे शतकानुशतकं गोल्फ चालत आलाय आणि आजही चालतो. उन्हाळ्यात छत्तीस आखूड होल (पहिल्या फटक्याच्या जागेपासून झेंड्याच्या खड्ड्यापर्यंतचा एकेक टप्पा म्हणजे होल) मांडलेले असतात, हिवाळ्यात नऊ. गोल्फच्या काठ्यांपैकी, म्हणजे क्लबांपैकी, एक वेज (चेंडू उंच उडवून जवळ टाकायचा क्लब), एक पटर (चेंडू घरंगळत खड्ड्याकडे न्यायचा क्लब) आणि चेंडू आणायचा आणि खेळायला लागायचं. फी नाही, नोंदणी नाही, कुंपणसुद्धा नाही. शेजारी मुलं गवतावर बसून बार्बेक्यू करत होती, एक आजोबा कुत्र्याला घेऊन मधूनच चालले होते आणि त्यांच्या पलीकडे चार पोरी हसत-खिदळत पट, म्हणजे पटरचे हलके फटके, मारत होत्या. भाचीने मैत्रिणीकडून दोन क्लब आणून ठेवले होते. तिने आयुष्यात पहिल्यांदा चेंडू मारला आणि तो चाळीस यार्डांवरच्या झेंड्याजवळ जाऊन थांबला. त्यानंतर तिला खोलीवर परत नेणं कठीण झालं.

शनिवार

ट्रामने लीथ या बंदराच्या भागात गेलो. २०२३ मध्ये ट्रामचा मार्ग न्यूहेवनपर्यंत वाढल्यापासून हा प्रवास अगदी सोपा झाला आहे. 'फूट ऑफ द वॉक'ला उतरून पाच-दहा मिनिटं चाललं की लीथ लिंक्स लागतं.

लीथ लिंक्सवर आज गोल्फ खेळता येत नाही. तरीही गोल्फवर प्रेम असणाऱ्या कुणीही इथे यावं, असं मी आग्रहाने सांगेन. मार्च १७४४ मध्ये एडिनबराच्या नगरपालिकेने इथल्या स्पर्धेसाठी चांदीचा क्लब बक्षीस लावला आणि त्या स्पर्धेसाठी 'जंटलमेन गोल्फर्स' या इथे खेळणाऱ्या मंडळींनी तेरा नियम लिहून काढले. गोल्फचे लिखित नियम म्हणून आपल्याला माहीत असलेले हे सर्वांत जुने. तेव्हा इथे पाच होल होते, प्रत्येक चारशे यार्डांहून लांब.

ते नियम मी छापून बरोबर आणले होते. बाकावर बसून भाचीला एकेक वाचून दाखवले. पाण्यात किंवा पाणथळ घाणीत चेंडू गेला तर काय करायचं, क्लब खाली आणताना मोडला तर तो फटका धरायचा की नाही, असल्या साध्या, रोज घडणाऱ्या गोष्टी त्यात आहेत. दहावा नियम सांगतो की चेंडू एखाद्या माणसाने, घोड्याने, कुत्र्याने किंवा आणखी कशाने अडवला, तर तो जिथे थांबला तिथूनच खेळायचा. तेराव्यात शाळकरी पोरांच्या होलांचा आणि सैनिकांच्या रांगांचा उल्लेख येतो, त्या अडथळ्यात धरू नयेत असा. मी हे नियम पूर्वी वाचले होते, पण त्या मैदानावर बसून वाचताना त्यांचा खरा अर्थ उलगडला. घोडे, कुत्री, शाळेतली पोरं, कवायत करणारे शिपाई आणि गोल्फ खेळणारे सगळे एकाच गवतावर होते. आपल्या मुंबईच्या ओव्हल मैदानावर एका सामन्याचा फाइन लेग दुसऱ्या सामन्याच्या स्लिपमध्ये उभा असतो, तसंच. मैदान सगळ्यांचं होतं म्हणूनच नियम लिहावे लागले.

त्या पहिल्या स्पर्धेचा विजेता जॉन रॅट्रे, पेशाने शल्यचिकित्सक. त्याचा पुतळा २०१९ पासून इथे उभा आहे. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा बाजी मारली आणि त्याच वर्षी तो बंडखोर राजपुत्र चार्ल्सच्या सैन्यात वैद्य म्हणून गेला. १७४६ मध्ये कलोडनला त्या सैन्याचा धुव्वा उडाला आणि रॅट्रे पकडला गेला. फाशीच व्हायची, पण डंकन फोर्ब्ज हा स्कॉटलंडमधला सर्वोच्च न्यायाधीश त्याचा गोल्फमधला सोबती होता. राजकारणात फोर्ब्ज उलट्या बाजूचा. त्याने शब्द टाकला आणि रॅट्रे वाचला. १७५१ मध्ये रॅट्रेने चांदीचा क्लब आणखी एकदा जिंकला. भाची पुतळ्याकडे बघत म्हणाली, "मामा, यावर सिनेमा कसा नाही काढला कुणी?"

दुपारी पाऊस आला. नॅशनल लायब्ररीत शिरलो. त्या तेरा नियमांची मूळ वही या ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. संध्याकाळ पावसातच गेली.

रविवार

ज्यासाठी आलो तो दिवस. मॉर्निंगसाइडमार्गे जाणारी अकरा नंबरची दुमजली बस पकडली, वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली. ब्रंट्सफील्ड लिंक्स मागे पडतं आणि रस्ता दक्षिणेला चढायला लागतो. हा प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा, पण ब्रेड हिल्सचं मैदान का जन्माला आलं ते या बसमधूनच समजतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहर याच दिशेने वाढलं. ब्रंट्सफील्डच्या भोवती दगडी चारमजली इमारती उभ्या राहिल्या, माळावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांची वर्दळ वाढली आणि खेळणाऱ्यांची त्याहून जास्त. चेंडू माणसांच्या अंगावर यायला लागले. जुन्या, पैसेवाल्या संस्थांनी गावाबाहेर स्वतःच्या जागा शोधल्या. उरलेल्यांचं काय? त्यांनी नगरपालिकेकडे दाद मागितली आणि नगरपालिकेने ब्रेड हिल्स ही टेकड्यांची रांगच विकत घेतली. १८८९ मध्ये तिथे सार्वजनिक गोल्फ मैदान सुरू झालं.

शहर वाढलं की मैदानं आक्रसतात, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलं आहे. शहर वाढलं म्हणून नव्या, अधिक मोठ्या मैदानासाठी टेकडी विकत घेणारी नगरपालिका मला इथे भेटली. या एका निर्णयासाठी त्या काळच्या नगरसेवकांना मी मनोमन नमस्कार केला.

मैदान आखलं ते पीटर मॅकइवन आणि बॉब फर्ग्युसन यांनी. मॅकइवन क्लब बनवणारा कारागीर. फर्ग्युसन मसलबराचा, लहानपणी कॅडी, म्हणजे खेळाडूंचे क्लब वाहणारा पोरगा, म्हणून सुरुवात केलेला. १८८०, १८८१ आणि १८८२ अशी सलग तीन वर्षं त्याने ब्रिटिश ओपन ही गोल्फ स्पर्धा (इथे नुसतं 'ओपन' म्हणतात) जिंकली होती. दोघांनी टेकडी फारशी उकरली नाही. खडक जिथे वर आले होते तिथे राहू दिले, उतार आहेत तसे वापरले, दोन उंचवट्यांमधल्या खळग्यात ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ, बसवली. आजही चालताना जाणवतं की इथे मातीने सांगितलं आणि माणसाने ऐकलं.

टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, भाचीने आधीच ऑनलाइन घेतला होता. पैसे लागले ते दोघांच्या साध्या जेवणाला इथे लागतात तेवढे. सभासदत्वाचा दाखला कुणी मागितला नाही. माझं नाव वाचून काउंटरवरच्या माणसाने फक्त वाऱ्याबद्दल बजावलं, आज पश्चिमेचा आहे, वरच्या होलांवर एक क्लब जास्त, म्हणजे अधिक लांब मारणारा, घ्या. आमच्याबरोबर दोघं स्थानिक जोडले गेले. एक निवृत्त बसचालक आणि एक बाई, पूर्वी शाळेत शिकवणाऱ्या. दोघंही आपापल्या ट्रॉल्या ओढत आले होते. भाची खेळणार नव्हती, नुसती चालायला आली होती.

पहिल्या काही होलांतच छाती भरून आली, चढानेही आणि देखाव्यानेही. मैदानाची एकूण लांबी सहा हजार यार्डांच्या आतली, आजच्या मानाने आखूडच. पण अंतराचा आकडा इथे फसवा आहे. एका टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलं की समोर फक्त टेकडीची कड दिसते; फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा पट्टा, पलीकडे कुठेतरी. कडेवरच्या काठीच्या रोखाने मारायचं आणि विश्वास ठेवायचा. पुढच्या होलला फेअरवे इतका तिरपा की बरोबर मध्यावर टाकलेला चेंडू घरंगळत डावीकडच्या रफमध्ये, वाढलेल्या गवतात, जातो. शिक्षिकाबाईंनी सांगितलं, उजव्या खडकाच्या अंगाने मारा, टेकडी आणून देईल. तसंच झालं. बाईंचा स्वतःचा फटका लांब नव्हता, पण प्रत्येक होलला चेंडू कुठे टप्पा घेईल आणि कुठे वळेल हे त्यांना पाठ होतं. ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारा क्लब, त्यांनी क्वचितच काढला. आयर्नचे, म्हणजे लोखंडी टोकाच्या क्लबचे, सखल फटके, वाऱ्याच्या खालून.

मे महिन्यात ब्रेड टेकड्या पिवळ्या झालेल्या असतात. गॉर्स नावाचं काटेरी झुडूप सगळीकडे पसरलेलं आहे आणि त्याला हळदीसारखा गडद बहर येतो. मी जवळ जाऊन पाहिलं. पानं जवळजवळ नाहीतच, नुसते हिरवे कडक काटे, आणि त्यांच्यामधून वाटाण्याच्या फुलासारखी फुलं. ऊन पडलं की त्यांना ओल्या खोबऱ्याचा वास येतो. स्कॉटलंडच्या टेकडीवर खोबऱ्याचा वास येईल असं सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. भाचीने डोळे मिटून दोन-तीनदा वास घेतला आणि म्हणाली, "आजीच्या करंज्या." चेंडू मात्र या झुडपात गेला की गेलाच. बसचालकांनी पहिल्याच दिवशी शिकलेला धडा सांगितला, हात घालायचा नाही, दुसरा चेंडू काढायचा.

सर्वांत उंच भागात आम्ही थांबलो. मागून कुणी येत नव्हतं. समुद्रसपाटीपासून दोनशे मीटर उंची असेल, पण अख्खं शहर पायाखाली होतं. मधोमध खडकावरचा किल्ला, उजवीकडे आर्थर्स सीटचा डोंगर, पलीकडे फर्थ ऑफ फोर्थची खाडी आणि तिच्या पल्याडचा फाइफ परगणा. दक्षिणेला पेंटलंडच्या डोंगररांगा. पार पूर्वेला समुद्रात बास रॉकचा सुळका. वायव्येला फोर्थवरचा लाल रेल्वेपूल, १८९० मध्ये उघडलेला. म्हणजे या मैदानावर सुरुवातीला खेळलेल्यांनी तो पूल पुरा होताना इथूनच पाहिला असणार. जगातल्या कुठल्याही महागड्या क्लबाने असा देखावा मिळवायला काय वाटेल ते मोजलं असतं. इथे तो बसचं तिकीट काढून येणाऱ्याला मिळतो.

आणि तो फक्त खेळणाऱ्यांचा नाही. मैदानाच्या कडेने घोडेस्वारांची वाट जाते. दोन मुली तट्टांवरून गेल्या. एक कुटुंब लहान मुलाला खांद्यावर घेऊन फेअरवे ओलांडत होतं. आम्ही थांबलो, त्यांनी हात केला, पावलं उचलली, ग्रीनला वळसा घालून गेले. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीनसुधारणा कायद्याने लोकांना मोकळ्या जमिनीवरून जबाबदारीने वावरायचा हक्क दिला आहे. गोल्फच्या मैदानावरूनही आरपार जाता येतं, खेळात अडथळा आणायचा नाही आणि ग्रीनवर पाय ठेवायचा नाही, एवढंच. लीथच्या दहाव्या नियमातला माणूस, घोडा आणि कुत्रा तिन्ही मला त्या एका दुपारी दिसले.

बसचालकांना मी टॉमी आर्मरबद्दल विचारलं. तो याच शहरात जन्मला आणि याच टेकड्यांवर खेळून वाढला. पहिल्या महायुद्धात जखमी झाला, पुढे अमेरिकेत गेला, १९२७ मध्ये यूएस ओपन आणि १९३१ मध्ये कार्नूस्टीला ब्रिटिश ओपन जिंकला. बसचालकांना त्याची सगळी कारकीर्द तोंडपाठ होती. ते म्हणाले, आमच्याकडे पोरं इथेच शिकतात, उन्हाळ्यात संध्याकाळी या, बघा. त्यांच्या आवाजात या मैदानाबद्दल जी मालकी होती, ती सभासदत्वाचं कार्ड खिशात असणाऱ्याच्या आवाजात मी कधी ऐकली नव्हती.

एका पार-थ्रीवर, म्हणजे तीन फटक्यांत संपवायच्या होलवर, वारा समोरून येत होता. शिक्षिकाबाईंनी सांगितल्याप्रमाणे सात नंबरऐवजी पाच नंबरचं आयर्न घेतलं, अर्ध्याच स्विंगमध्ये मारलं. चेंडू वाऱ्याखालून गेला, ग्रीनच्या पुढच्या ओठावर पडला आणि हळूहळू चढत झेंड्यापासून दोन हातांवर थांबला. तो पट मी घातला. खेळ संपल्यावर चौघांनी टोप्या काढून हात मिळवले, ही इथली रीत. बाईंनी भाचीला विचारलं, पुढच्या वेळी तू खेळणार ना?

सोमवार

मसलबरा शहराच्या पूर्वेला, समुद्रकाठी. सव्वीस नंबरची बस पोर्टोबेलोवरून तिथे जाते. शहराच्या हद्दीबाहेर असलं तरी ब्रेड हिल्स पाहिल्यावर इथे यायलाच हवं, कारण बॉब फर्ग्युसनचं हे गाव.

मसलबरा ओल्ड लिंक्स नऊ होलांचं आहे आणि घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या आत आहे. शर्यतीचा दिवस नाही ना, हे आधी बघून घ्यावं. इथे १६७२ मध्ये गोल्फ खेळल्याची नोंद एका हिशेबाच्या वहीत सापडते. १८७४ ते १८८९ या काळात ओपन सहा वेळा इथे झाली. फर्ग्युसनने १८८० ची ओपन इथेच जिंकली आणि १८८३ ची इथेच प्लेऑफमध्ये गमावली, नाहीतर सलग चार झाल्या असत्या. पुढे विषमज्वराने त्याची तब्येत ढासळली. मग तो याच मैदानाची राखण करत राहिला, पोरांना शिकवत राहिला. इथली शेवटची ओपन १८८९ ची, म्हणजे ज्या वर्षी त्याने आखलेलं ब्रेड हिल्स सुरू झालं त्याच वर्षीची. लीथचे ते 'जंटलमेन गोल्फर्स' पूर्वीच इथे खेळायला आले होते; १८९१ मध्ये ती जुनी मंडळी म्यूरफील्डला स्वतःच्या जागेत गेली आणि ओपनही बरोबर घेऊन गेली. मैदान मागे राहिलं, ते गावाचंच.

इथे हिकरीच्या लाकडी दांड्याचे जुन्या धर्तीचे क्लब भाड्याने मिळतात. मी घेतले. दांडा हातात किंचित पिळतो, त्यामुळे जोर लावून चालत नाही. लय धरावी लागते आणि चेंडू बरोबर मध्यावर बसला तर तळहाताला काहीच जाणवत नाही, चुकला तर कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. भाचीनेही आज पूर्ण नऊ होल खेळले.

चालता चालता तिला मसलबराच्या कोळणींबद्दल सांगितलं. १८१० च्या डिसेंबरमध्ये इथल्या क्लबने ठरवलं की नव्या वर्षाच्या दिवशी खेळणाऱ्या कोळणींमध्ये जी सर्वांत चांगली खेळेल तिला एक छानशी नवी मासळीची टोपली आणि शाल द्यायची, शिवाय बार्सिलोनाचे रेशमी रुमाल. बायकांच्या गोल्फ स्पर्धेची ही आपल्याला माहीत असलेली पहिली नोंद. पाठीवर मासळीच्या टोपल्या घेऊन इथून एडिनबरापर्यंत पायी जाणाऱ्या त्या बायका. भाचीने टीवर उभ्या उभ्या सगळं ऐकलं, मग हिकरीचा क्लब उचलून असा फटका मारला की चेंडू रेल्वेच्या रुळांसारख्या दिसणाऱ्या शर्यतीच्या पांढऱ्या कठड्याच्या पलीकडे जाऊन फेअरवेवर पडला.

दुपारी परतलो. मॉर्निंगसाइड रोडवर जुन्या वस्तू विकणारी बरीच धर्मादाय दुकानं आहेत. त्यांतल्या एका दुकानाच्या कोपऱ्यात गोल्फचे क्लब एका पिंपात उभे करून ठेवले होते. भाचीने एक पटर आणि एक वेज निवडली, पकड तपासून घेतली, पैसे दिले आणि बसथांब्यावर उभी राहून ब्रेड हिल्सवर येत्या शनिवारी सकाळची वेळ मिळते का, ते फोनवर शोधायला लागली.